ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन किती लांब? कागद-पेन्सिलीने काढायची रीत

दादाने डोंबिवलीतल्या सोफ्यावर बसून फोनवरच्या नकाशात मुंबई ते दिल्ली हे अंतर दोन बोटांत पकडलं. झूम तसाच ठेवून नकाशा वर वर सरकवत नेला, पार नॉर्वेच्या टोकापर्यंत, आणि तीच बोटं उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि त्याच्याही वर स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन यांच्या मध्ये टेकवली. मग जाहीर केलं, "दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट आहे गं. सव्वातीन हजार किलोमीटर. आणि मध्ये नुसता समुद्र."

वहिनी गवार मोडत होती, तिचा हात थांबला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, पंधरा दिवसांनी त्याच वाटेने निघणार होती. स्वालबार्डवर नी-ओलेसुन इथे 2008 पासून 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्र आहे, तिथे तिला काही आठवडे काम होतं. वहिनीचा प्रश्न एकच होता, "मध्ये किती वेळ काहीच कळणार नाही?"

मी पार्ल्याची. विमानं डोक्यावरून जाताना बोलणं थांबवायचं आणि आवाज गेला की पुढचं वाक्य जोडायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. त्यात सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्समध्ये एका एजंटच्या ऑफिसात सव्वीस वर्षं एअर वेबिलं, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं, टाईप केली. तिथे आमच्याबरोबर हवाई दलातून निवृत्त झालेले एक नेव्हिगेटर, म्हणजे विमानाची वाट आखणारे, होते, त्यांना सगळे 'सर' म्हणत. दुपारी काम नसलं की चहाच्या बिलाच्या मागे ते आम्हाला अंतरं काढायला लावायचे. तेव्हा शिकलेलं वहिनीच्या प्रश्नाला उपयोगी पडलं, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. ज्यांची मुलं, भाचरं, सुना असल्या वरच्या मुलुखात जातात त्यांना कामाला येईल.

आधी दादाचं कुठे चुकलं ते. सपाट नकाशात उभ्या रेघा, म्हणजे रेखांश, एकमेकींना समांतर काढतात. खऱ्या पृथ्वीवर त्या उत्तर ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत एका बिंदूत मिळतात. नकाशावर त्या लांबच ठेवायच्या तर जमीन आडवी ताणावी लागते, आणि आकार बिघडू नये म्हणून तेवढीच उभीही ताणावी लागते. लाँगइयरब्येनपाशी हा ताण जवळजवळ पाचपट असतो, ट्रॉम्सोपाशी तिपटीच्या आसपास. दादाची बोटं दिल्लीला बरोबर होती, वर जाऊन खोटं बोलायला लागली. प्रत्यक्षात ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन अंतर मुंबई–दिल्लीपेक्षा कमी आहे. साडेनऊशेच्या थोडं वर. हे सांगितल्यावर दादाने फोन खाली ठेवला आणि चहा मागितला.

रेखांशाचं हे आखडणं मुंबईकराच्या भाषेत सांगायचं तर असं. सीएसएमटी आणि पुणे स्टेशन यांच्या रेखांशात साधारण एका अंशाचा फरक आहे. आपल्या अक्षांशावर हा एक अंश म्हणजे 105 किलोमीटर. तोच एक अंश लाँगइयरब्येनच्या अक्षांशावर जेमतेम 23 किलोमीटर भरतो. चर्चगेटहून गाडीत बसलात तर अंधेरी येईपर्यंत संपला. म्हणून उत्तरेकडच्या दोन गावांमध्ये रेखांशाचा मोठा फरक दिसला की घाबरू नका. आधी तो आखडून घ्या.

आता रीत.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. गावाचे नकोत, विमानतळाचे. नाव सारखं असलं तरी धावपट्टी गावापासून पाच-सात किलोमीटर बाजूला असते, आणि जवळच्या दोन ठिकाणांच्या हिशेबात तेवढाही फरक दिसतो. ट्रॉम्सोचा विमानतळ 69 अंश 41 मिनिटं उत्तर, 18 अंश 55 मिनिटं पूर्व. लाँगइयरब्येनचा 78 अंश 15 मिनिटं उत्तर, 15 अंश 28 मिनिटं पूर्व.

इथेच मी पहिल्या फटक्यात आपटले. सव्वीस वर्षं कार्गोत काढलेली बाई, पण 78 अंश 15 मिनिटं हे मी कॅल्क्युलेटरवर 78.15 असं दाबलं आणि 69 अंश 41 मिनिटं 69.41 असं. एका अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. 15 मिनिटं म्हणजे पाव अंश, म्हणजे 78.25. या एका घोळाने माझं उत्तर दहा सागरी मैलांनी फुगलं. सर असते तर बिल फाडून टाकलं असतं. कुठे आकडे अंश-मिनिटांत दिलेले असतात, कुठे दशांशात. कोणते आहेत ते आधी ओळखा.

मग उभं अंतर. 69 अंश 41 मिनिटांपासून 78 अंश 15 मिनिटांपर्यंत 8 अंश 34 मिनिटं. सगळ्याची मिनिटं करा: 8 गुणिले 60 म्हणजे 480, अधिक 34, झाले 514. या रीतीचा खरा गोडवा इथे आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. तो मैल मुळात त्यावरूनच ठरवला. म्हणजे 514 मिनिटं म्हणजे 514 सागरी मैल, मध्ये काही गुणायचं नाही, भागायचं नाही.

आडवं अंतर. 18 अंश 55 मिनिटांतून 15 अंश 28 मिनिटं वजा केली की 3 अंश 27 मिनिटं, म्हणजे 207 मिनिटं. हे मात्र आखडायचंय. दोन्ही अक्षांशांचा मध्य काढा, तो येतो 74 अंशांच्या जरा खाली. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की त्यात 'कोसाइन'चं बटण दिसतं. 74 चा कोसाइन 0.276. 207 ला त्याने गुणलं की 57 सागरी मैल. या आडव्या अंतराला नेव्हिगेटर लोक 'डिपार्चर' म्हणतात. सरांनी पहिल्यांदा "डिपार्चर किती आलं?" विचारलं तेव्हा मी विमानांच्या बोर्डाकडे बघून वेळ सांगितली होती.

आता काटकोन त्रिकोण. सातवी-आठवीतला पायथागोरस. 514 चा वर्ग 2,64,196, 57 चा वर्ग 3,249, बेरीज 2,67,445, वर्गमूळ 517. म्हणजे 517 सागरी मैल. त्याला 1.852 ने गुणा: 957 किलोमीटर आणि थोडं. आडव्या 57 मैलांनी एकूण अंतरात फक्त तीनच मैलांची भर घातली हे लक्षात आलं का? विमान जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातं.

मैलांबद्दल एक इशारा. काही तक्ते हेच अंतर 595 मैल असं दाखवतात. तेही बरोबरच आहे, पण तो रस्त्यावरचा मैल, 1.609 किलोमीटरचा. दादाने 595 घेऊन त्याला माझ्या 1.852 ने गुणलं, आणि मुलगी पुन्हा अकराशे किलोमीटरवर गेली.

ही त्रिकोणाची रीत दोन ठिकाणं तुलनेने जवळ असतील तरच वापरा. हजारएक किलोमीटरपर्यंत, आणि रेखांशाचा फरक फार नसेल तर, ती फसवत नाही. फसते कुठे ते दाखवते. अलास्काच्या उत्तर टोकाला उटकियागविक आहे, 2016 पर्यंत त्याचं नाव बॅरो होतं. त्याचा अक्षांश 71 अंशांच्या थोडा पुढे, म्हणजे ट्रॉम्सोच्या जवळपास त्याच पट्ट्यात. सपाट नकाशावर एक डाव्या टोकाला, दुसरं उजवीकडे. रेखांशाचा फरक 175 अंशांहून जास्त. त्रिकोण केलात तर साडेसहा हजार किलोमीटर येतात. पण पृथ्वीगोल हातात घेऊन बघा: दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. सरळ वाट ध्रुवाच्या अगदी कडेने जाते आणि ती साधारण 4,335 किलोमीटर आहे. दोन हजार किलोमीटरचा फरक! या दोन गावांमध्ये थेट विमान नाही. मी ते फक्त दादाला गोल दाखवायला काढलं.

त्यासाठी खरा उपाय दोरा. भाचीच्या शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर होता. घडी घातलेल्या जुन्या पडद्याखाली, आफ्रिकेत एक पोचा पडलेला, पण उत्तर ध्रुव शाबूत. शिवणकामाचा दोरा दोन गावांवर धरून ताणला की तो आपोआप सर्वांत जवळची वाट घेतो. मोजपट्टीला लावा. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर 94 येतो, आणि पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर सुमारे 425 किलोमीटर. ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन सव्वादोन सेंटिमीटर भरलं. उटकियागविकचा दोरा दहाच्या किंचित पुढे. वहिनीने स्वतः ताणून पाहिला, दोनदा.

आकड्यांतच हवं असेल तर सूत्रही आहे. दोन्ही अक्षांशांचे साइन एकमेकांना गुणा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, हे तिन्ही एकमेकांना गुणा. दोन्ही गुणाकार मिळवा आणि बेरजेचा उलटा कोसाइन घ्या. जे अंश येतील त्यांना 60 ने गुणलं की सागरी मैल. पश्चिम रेखांश उणे धरायचा, हे विसरू नका. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा. संगणकावरचा तक्ता मात्र अंश जाणत नाही, त्याला रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करून द्यावे लागतात, नाहीतर उत्तर असं येतं की हसावं का रडावं कळत नाही.

अंतर झालं. वेळ काढणं त्याहून सोपं, आणि त्याहून बेभरवशाचं.

जेट विमान वर पोचल्यावर ताशी साडेआठशेच्या आसपास जातं, पण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. तो चाकाखालचे चॉक, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, काढल्यापासून दुसऱ्या गावात चॉक लावेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं सगळं आलं. माझा ठोकताळा: किलोमीटरला 800 ने भागा आणि अर्धा तास मिळवा. 958 भागिले 800 म्हणजे एक तास बारा मिनिटं, अधिक अर्धा तास, एक तास बेचाळीस. वेळापत्रकात ट्रॉम्सो–लाँगइयरब्येनला याच आसपासचा आकडा सापडतो. ऑस्लोहून थेट जाणारं विमान असेल तर 2,013 किलोमीटर, म्हणजे तीन तास.

हाच ठोकताळा मुंबई–दिल्लीला लावला तर दोन तासांच्या आत उत्तर येतं, पण तिकिटावर त्याहून जास्त लिहिलेलं असतं. का, ते पार्ल्यात राहणाऱ्याला विचारा. विमानं आमच्या डोक्यावर एकामागोमाग रांगेत असतात, विरार लोकलच्या दाराशी असावीत तशी. लाँगइयरब्येनला रांग नाही. गर्दीचा वेळ तिथे धरायचाच नाही. धरायचं ते हवामान.

पंख्याच्या विमानाला वेगळा हिशेब. लाँगइयरब्येनहून नी-ओलेसुनला डॉर्नियर 228 जातं, जास्तीत जास्त एकोणीस माणसांचं, केबिनमध्ये हवेचा दाब वाढवण्याची सोय नसलेलं. हे कळल्यावर वहिनीचा चेहरा उतरला. मग मी सांगितलं की याच जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) बनवते. ते तिला बरंच पुरलं. नी-ओलेसुनची धावपट्टी 78 अंश 56 मिनिटं उत्तर, 11 अंश 52 मिनिटं पूर्व. वरचीच रीत लावा. उभं अंतर 41 मैल. आडवी 216 मिनिटं, पण इथला कोसाइन 0.198, म्हणून उरले 43. पायथागोरस केला की 59 मैलांच्या वर, म्हणजे 110 किलोमीटर. बघा, रेखांशाचा फरक आधीच्या टप्प्याइतकाच, साडेतीन अंश, आणि तरी आडवं अंतर 57 वरून 43 वर आलं.

वेग ताशी 350 धरला तर एकोणीस मिनिटं. समोरून ताशी 70 किलोमीटरचा वारा असेल तर वेग उरला 280, आणि वेळ तेवीस-चोवीस मिनिटं. वर पाचेक मिनिटं. मोठ्या जेटला ट्रॉम्सोहून जाताना पश्चिमेचा वारा बहुतेक आडवा लागतो आणि फारसं बिघडवत नाही. छोट्या विमानाला तोच वारा चटकन जाणवतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या लांबच्या फेऱ्यांत मात्र जाता-येतानाच्या वेळांत चांगला फरक पडतो, तिथे दोन्ही दिशांची तिकिटं वेगवेगळी बघा.

म्हणजे हवेत सगळे मिळून दोन तास आणि थोडं. मी हे कागदावर लिहून वहिनीच्या फ्रिजवर लावलं. आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली, कारण तिने ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखं वाचलं.

झालं असं. भाचीचं विमान ऑस्लोहून ट्रॉम्सोला आलं. तिथे सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासतात, कारण स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर आहे. (आपल्या पासपोर्टवाल्यांनी दोनदा आत येता येईल असाच व्हिसा घ्यावा. एकदाचा असेल तर स्वालबार्डहून परतताना अडकाल.) ट्रॉम्सोहून वेळेवर निघालं. लाँगइयरब्येनवर पोचलं आणि खाली ढग एवढे उतरलेले की धावपट्टी दिसेना. वीस मिनिटं घिरट्या घातल्या. मग परत ट्रॉम्सो. तिथल्या द्वीपसमूहात जेटला उतरायला दुसरी सोयीची जागा नाही, म्हणून विमानं मुख्य भूमीपर्यंत परतायचं इंधन घेऊनच निघतात. एक तास बेचाळीस मिनिटांच्या प्रवासाला साडेतीन तास लागले आणि ती होती तिथेच. विमान कंपनीने रात्रीची सोय केली, पण जेवणाचं कूपन द्यायला विसरली. पोरीने सोबतच्या मेथीच्या ठेपल्यांवर काढली रात्र.

तिचा मेसेज येईपर्यंत वहिनी फ्रिजसमोर उभी. दादाने मला रात्री साडेअकराला फोन केला, "तुझ्या पायथागोरसला विचार कुठे आहे ती."

दुसऱ्या दिवशी लाँगइयरब्येन झालं. तिथून नी-ओलेसुनचं विमान रोज नसतं, आणि जे होतं ते वाऱ्यामुळे गेलं नाही. दोन दिवस गेले. 110 किलोमीटरला, म्हणजे चर्चगेट–विरार जाऊन परत दादरपर्यंत यावं एवढ्याला, भाचीला एकूण अडीच दिवस लागले. हवेत ती पंचवीस मिनिटं होती. हेही मला आधीच लिहायला हवं होतं.

म्हणून आता मी कागदावर दोन आकडे लिहिते, हवेतला वेळ आणि 'काळजी करायची वेळ'. पहिला वरच्या रीतीने. दुसरा काढताना बघायचं की हे विमान चुकलं तर पुढचं कधी आहे. रोज चार असतील तर काही तास मिळवा. आठवड्यात दोन-तीनच असतील तर पुढच्या विमानाचा दिवस आणि वर एक दिवस. या मुलुखात जोडविमानं एकाच दिवशी घेऊ नका, मध्ये रात्र ठेवा. आणि छोट्या विमानाच्या सामानाच्या वजनाची मर्यादा वेगळी असते, ती तिकीट काढतानाच विचारा. लोणच्याची बरणी कुठल्या टप्प्यावर राहणार ते तेव्हाच कळतं.

घड्याळाचंही बघा. ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येनचं घड्याळ एकच, त्यामुळे तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी चालते. उटकियागविकसारख्या ठिकाणी नाही चालणार, तिथे आणि नॉर्वेत दहा तासांचा फरक असतो. आपण नॉर्वेच्या पुढे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार, कारण ते लोक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ सरकवतात. भाचीचा फोन दर रविवारी तिच्या चार वाजता, आपल्या साडेसातला यायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी साडेसात वाजले, आठ वाजले, वहिनीची देवापुढची निरांजन विझून परत लागली. साडेआठला फोन आला. पोरगी म्हणाली, "अगं आई, चारच वाजलेत की!" सूर्य बघून वेळ ओळखायचा तर तिथे तोही उपयोगाचा नाही. ऑक्टोबरच्या शेवटी लाँगइयरब्येनचा सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही.

आणखी एक, हे मात्र फक्त नी-ओलेसुनचं. तिथल्या उपकरणांना रेडिओ लहरींचा अडथळा होऊ नये म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. विमानातून उतरल्या उतरल्या 'पोचले' असा मेसेज येईलच असं धरू नका. तारेने जोडलेल्या संगणकापाशी पोचेपर्यंत, सामान लावेपर्यंत, सुरक्षेच्या सूचना ऐकेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. ते काळजीच्या वेळेत आधीच धरा.

परतीच्या वेळी वहिनीने कागद माझ्याकडून लिहून घेतला नाही. तिने स्वतः लिहिला, दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर. हवेतला वेळ: पंचवीस मिनिटं आणि पावणेदोन तास. त्याखाली: मंगळवार ते शुक्रवार, फोन नाही आला तरी चालेल. विमान आलं बुधवारी.